टिपणातली नऊ मिनिटं

विद्यापीठात मानव्यविद्या केंद्र निघालं तेव्हा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली होती. इतिहासाने भाषाशास्त्राशी बोलावं, तत्त्वज्ञानाने साहित्याच्या दारात जावं, एकमेकांची अर्धवट लिखाणं वाचून ती सुधारावीत, असा केंद्राचा हेतू. कागदावर हेतू गोडच दिसतात. प्रत्यक्षात आपलं अर्धवट लिखाण दुसऱ्याला दाखवायचं म्हणजे प्राध्यापकाच्या जिवावर येतं, आणि दुसऱ्याचं वाचायला मिळालं की त्याच्या अंगात दहा हत्तींचं बळ येतं. असल्या माणसांना एका टेबलाशी बसवायचं काम तिच्याकडे होतं. ती साहित्याची प्राध्यापक, वय पंचावन्न, केंद्राची पहिल्या दिवसापासूनची समन्वयक. आवाज हळू, पण एकदा ‘नंतर’ म्हणाली की ते नंतरच.

केंद्राची खोली दुसऱ्या मजल्यावर, पूर्वी भूगोलवाल्यांचे नकाशे ठेवायची. दोन टेबलं जोडून एक लांब टेबल केलेलं होतं, पण त्यांच्या उंचीत बोटभर फरक होता आणि त्या पायरीवर कप ठेवला की हमखास सांडायचा. तरी लोक तिथेच कप ठेवायचे. एकदा बोलायला लागलं की आपला हात कुठे आहे याचं भान या मंडळींना राहत नसे.

दर बुधवारी दहा ते एक वाचन. एकाच्या लिखाणाचं एक प्रकरण घ्यायचं, बाकीच्यांनी आळीपाळीने एकेक पान मोठ्याने वाचायचं आणि त्यावर बोलायचं. ज्याचं लिखाण, त्याने दहापासून एकपर्यंत तोंड उघडायचं नाही. हा मौनाचा नियम तिने केला होता, आणि त्याशिवाय केंद्र सहा महिनेही चाललं नसतं. आधी लेखक पहिल्याच वाक्याची बाजू घेऊन पाऊण तास भांडत बसायचा आणि दुसरं पान दुपार झाली तरी उलटायचं नाही. आता लेखकाने फक्त ऐकायचं. एक वाजता ती म्हणायची, ‘आता लेखकाने बोलावं,’ आणि मग काय वाफ दवडायची ती दवडावी.

दुसरी पद्धत टिपणाची. लेखकाचा सहकारी कोपऱ्यात बसून कोण काय म्हणालं ते घड्याळाच्या वेळेसकट उतरवून घ्यायचा. वेळ लिहायचं कारण लाजिरवाणं होतं. एक कल्पना आधी कुणाला सुचली यावरून दोन विभागप्रमुख दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. टिपण नंतर लेखकाला मिळायचं, आणि त्यावरून तो आपलं प्रकरण दुरुस्त करायचा.

मौनाचा नियम सगळ्यात जास्त कुणी मोडला असेल तर तो दफ्तरदारांनी. ते इतिहासाचे प्राध्यापक, निवृत्तीला एक वर्ष राहिलेलं. जन्म जुन्या दफ्तरखान्यात गेला म्हणून सगळे त्यांना दफ्तरदार म्हणायचे, आणि त्यांनाही ते आवडायचं. जुन्या वळणाची एक लिपी होती, ती सरसर वाचणारी माणसं आता एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती आणि त्यातलं एक बोट त्यांचं. अडल्यानडल्या लोकांनी कधीकाळी सरकारदरबारी केलेले अर्ज त्यांनी वीस वर्षं खपून वाचले होते. आता भाषाशास्त्राच्या प्राध्यापक बाईंबरोबर ते त्या अर्जांवर पुस्तक लिहीत होते. या बाई अंगाने काडीसारख्या आणि प्रत्येकाच्या फुग्याला टोचणाऱ्या, म्हणून त्यांचं नाव पडलं होतं टाचणीबाई. इतिहास आणि भाषाशास्त्र एका पुस्तकात नांदतंय हे केंद्राचं सगळ्यात मोठं यश होतं. कुलगुरू पाहुण्यांना तेच सांगायचे.

दफ्तरदार आणि टाचणीबाई दोघे नांदत होते म्हणजे रोज भांडत होते. पण ती भांडणं पाचव्या प्रकरणापर्यंत आली होती, आणि त्या बुधवारी पाचवं प्रकरण वाचायचं होतं.

दहा वाजता दफ्तरदार आले, ‘चला, मला फासावर द्या,’ म्हणाले आणि खिडकीच्या बाजूला नेहमीच्या खुर्चीत बसले. ती टेबलाच्या टोकाला, त्यांच्या अगदी समोर. टाचणीबाई कोपऱ्यात वही उघडून बसल्या. आणखी सहा जण होते. वाचन सुरू झालं.

तिसऱ्या पानावर तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी एका अर्जाच्या अर्थावर शंका काढली. शंका तशी फुटकळच होती, पण ते ती वळणावळणाने मांडत होते. तेवढ्यात दफ्तरदारांनी हात वर केला. तिच्या मनात आलं, झालं, आली यांची गाडी रुळावर. दर वेळी ते दोन-तीनदा हात वर करायचे, ती ‘नंतर’ म्हणायची आणि सगळे हसायचे. ठरल्यासारखंच होतं ते. त्या दिवशीही ती म्हणाली, ‘नंतर.’ सगळे हसले. हात थोडा वेळ तसाच राहिला. तिने ओठांवर बोट ठेवलं. मग हात खाली गेला आणि वाचन पुढे चाललं.

साडेअकराला चहा झाला. सगळे बाहेर व्हरांड्यात गेले, दफ्तरदार खुर्चीतच राहिले. ती त्यांचा कप घेऊन आत आली आणि त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी वर पाहिलं नाही, मान खाली घालून कागदांकडे बघत राहिले. रुसलेत, तिला वाटलं. वीस वर्षांच्या ओळखीत ती त्यांचे रुसवेफुगवे जाणून होती. हसूच आलं तिला. एक वाजता बोलतील तेव्हा माझी चांगली खरडपट्टी काढतील, असा विचार करत ती व्हरांड्यात परतली.

एक वाजता ती म्हणाली, ‘आता लेखकाने बोलावं.’

दफ्तरदारांनी मान वर केली. तोंड उघडलं. तोंडाची एक बाजू उघडली, दुसरी तशीच राहिली, आणि त्यातून जे बाहेर आलं ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं. टाचणीबाई सवयीने ते लिहून घ्यायला निघाल्या होत्या. मग त्यांच्या हातातून पेन पडलं.

रुग्णवाहिका यायला पंचवीस मिनिटं लागली. जिन्यात स्ट्रेचर वळेना. पहिलं इस्पितळ जवळचं, पण तिथलं मेंदूचा फोटो काढायचं यंत्र बंद होतं. तिथून गावाच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या इस्पितळात. फोटो काढून होईपर्यंत सव्वातीन वाजले होते. दफ्तरदारांच्या पत्नी, ज्यांना ती पहिल्यापासून वहिनी म्हणायची, धावतपळत आल्या होत्या. पायांत दोन वेगळ्या चपला होत्या आणि ते त्यांच्या लक्षातही नव्हतं.

डॉक्टर तरुण होता, चार रात्रींची झोप राहिलेला दिसत होता. त्याने आधी सगळं समजावून सांगितलं, तेच चुकलं. तो म्हणाला, ‘मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी आहे. ती विरघळवायचं औषध आहे आमच्याकडे. पण त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. नंतर दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून मला सांगा, यांना शेवटचं नीट बोलताना कुणी बघितलं आणि किती वाजता?’

दोन भाषांत प्रबंध लिहिलेली, तास तास बोलू शकणारी सहा-सात माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली. शेवटी तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक म्हणाले, ‘दहा वाजता बोलले. त्यानंतर ते बोलायचेच नव्हते. आमच्याकडे तसा नियम आहे.’

‘म्हणजे तीन तास माणूस तुमच्यासमोर बसलाय आणि कुणी त्याचा शब्द ऐकलेला नाही?’ डॉक्टरने विचारलं. ‘दहा वाजता धरलं तर वेळ गेली. मला औषध देता येणार नाही.’

वहिनींनी तिच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

तिला तो वर झालेला हात आठवत होता. ते कधी झालं, पावणेअकराच्या आसपास, हेही आठवत होतं. पावणेअकरापासून मोजलं तरी वेळ गेलेलीच होती. आणि तो हात सांगायचा म्हणजे आपण त्यावर काय केलं तेही सांगायचं. खरं सांगितलं तर औषध नाही, या एका विचारात दुसरा विचार असा मिसळून गेला होता, की पुढे कितीही डोकं खाजवलं तरी तिला तो वेगळा काढता आला नाही.

‘साडेअकराला बोलले,’ ती म्हणाली. ‘चहाच्या वेळी. माझ्याशी.’

‘नीट? शब्द स्पष्ट होते?’

‘हो.’

‘काय म्हणाले?’

‘चहात साखर कमी आहे म्हणाले.’

इतकं साधं वाक्य. वीस वर्षं कथा-कादंबऱ्या शिकवल्या त्याचा हा उपयोग झाला. डॉक्टरचा चेहरा बदलला, त्याने घड्याळ पाहिलं, नर्सला हाक मारली. वहिनींनी तिचा हात घट्ट धरला. ‘असंच म्हणणार ते,’ त्या म्हणाल्या. ‘दोन वर्षं झाली, साखर बंद केलीये मी.’ आणि पुढे केलेल्या कागदावर त्यांनी सही केली.

ती घरी गेली तेव्हा संध्याकाळ झाली होती. घरी ताई होती, तिची थोरली बहीण. जन्मभर नर्सचं काम करून निवृत्त झालेली, आता दोघी एकत्र राहत होत्या. ताईने समोर ताट ठेवलं आणि सगळं ऐकून घेतलं.

‘गुठळीचं औषध दिलं का?’

‘दिलं.’

‘चला, वेळेत पोचलात म्हणजे,’ ताई म्हणाली. ‘वेळ कुणी सांगितली?’

‘मी.’

‘खात्री होती ना? कारण त्या औषधाचं सगळं वेळेवर असतं गं. आमच्याकडे एकाच्या मुलाने अंदाजपंचे वेळ ठोकून दिली होती. ते औषधच उलटलं.’

ती जेवत राहिली. तिने ताट पुसून स्वच्छ केलं. टाकलं असतं तर ताईने कारण विचारलं असतं.

आठ वाजता फोन आला. दफ्तरदारांच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता.

त्यानंतर ते नऊ दिवस होते. ती रोज जायची, काचेबाहेर वहिनींच्या शेजारी बसायची. दुसऱ्या दिवशी त्या तरुण डॉक्टरने दोघींना खोलीत बोलावलं. ‘औषध वेळेत दिलं तरी शंभरात पाच-सहा जणांना असं होतं,’ तो म्हणाला. ‘दुर्दैव. तुमचं कुणाचंच काही चुकलेलं नाही.’ बुडत्याने धरावं तसं तिने त्या शंभरातल्या पाच-सहा जणांना धरलं. दुसरा आधार तिने स्वतःच उभा केला. दफ्तरदार नेहमीच हात वर करायचे. त्या दिवशीही तत्त्वज्ञानाच्या शंकेला उत्तर द्यायलाच केला असेल. मग चहाच्या वेळी रुसलेच असतील. दुखणं बारानंतर कधीतरी सुरू झालं असेल. असं असेल तर तिचं खोटं फक्त शब्दांपुरतं खोटं, वेळेपुरतं खरंच. हे ती दिवसातून पन्नास वेळा स्वतःला पटवून द्यायची, आणि पटायचंही, पण इस्पितळाच्या पायऱ्या चढेपर्यंतच.

नवव्या दिवशी दफ्तरदार गेले.

शोकसभेत कुलगुरूंनी साखरेची गोष्ट सांगितली. माणूस शेवटपर्यंत किती जिवंत होता, किती मिस्कील होता, म्हणाले. लोक ओल्या डोळ्यांनी हसले. मग तत्त्वज्ञानवाल्यांनी ती आपल्या भाषणात घेतली, आणि विद्यापीठाच्या पत्रिकेत छापून आली तेव्हा तिला एक चौकटही मिळाली. एका इतिहासकाराच्या नावावर त्याने कधीच न उच्चारलेलं वाक्य कायमचं जमा झालं, आणि ज्या एका माणसाने त्याचा पुरावा मागितला असता तोच आता नव्हता. शोकसभेत ती पहिल्या रांगेत बसून हे ऐकत होती. तिला स्वतःची किळस आली. बाजूच्या बाईने पाठीवर हात ठेवला, तिला वाटलं ही रडतेय.

तीन आठवड्यांनी टाचणीबाई तिच्या खोलीत आल्या. हातात टाइप केलेले कागद होते.

‘वहिनी टिपण मागतायत,’ त्या म्हणाल्या. ‘त्या मुद्रितशोधक होत्या ना छापखान्यात. दफ्तरदारांची सगळी पुस्तकं त्यांनीच तपासली. पाचवं प्रकरण टिपणावरून मीच दुरुस्त करते म्हणाल्या, दुसऱ्या कुणाचा हात लागायला नको. काल बसून उतरवून काढलं सगळं. हे बघा.’

त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. ‘१०.४२. लेखक हात वर करतात. समन्वयक: नंतर. हशा.’

‘हे लिहिलं मी,’ टाचणीबाई म्हणाल्या. ‘लिहिलं आणि वर बघितलंच नाही. बघितलं असतं तर कळलं असतं का, कोण जाणे. तीन हात अंतरावर होते ते. मला झोप नाही हो.’

ती कागदाकडे बघत राहिली. टाचणीबाईंचा अपराध तिच्या अपराधाच्या तुलनेत कितीसा होता? आणि ही बाई तो घेऊन दार वाजवून आली होती. आता आपणही बोलायचं. चहाची गोष्ट सांगायची, दोघी मिळून काय ते बघायचं. त्याऐवजी ती म्हणाली, ‘वहिनींना उगाच त्रास. ती ओळ काढून टाकू या.’

टाचणीबाईंनी कागद परत आपल्याकडे ओढले. कुणाचंही वाक्य न टोचता जाऊ देणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. ‘काढा म्हणताय म्हणून काढते,’ शेवटी त्या म्हणाल्या. ‘पण मूळ वहीत हात घालणार नाही मी. ती माझ्याकडे राहील.’

‘राहू दे.’

‘आणि त्यांच्याकडे तुम्हीच न्या. मला नाही जमायचं.’

तिने केंद्र चालवायला घेतलं तेव्हापासून दोन विभागांच्या माणसांनी इतक्या पटकन, इतक्या बिनबोभाट एकत्र काम केल्याचं हे पहिलंच उदाहरण असावं.

वहिनींचं घर तिसऱ्या मजल्यावर. दार उघडल्याबरोबर कागदांचा वास यायचा. बैठकीची खोली म्हणजे पुठ्ठ्याची खोकी आणि त्यांच्यामधून एक वाट, ती वाट खिडकीजवळच्या टेबलापाशी संपायची. टेबलावर पाचवं प्रकरण, चष्मा आणि टोक काढून ठेवलेल्या तीन पेन्सिली. वहिनींनी तिला आपल्या शेजारी बसवलं.

‘बरं झालं तूच आलीस,’ त्या म्हणाल्या. ‘तुझ्यामुळे निदान औषध तरी मिळालं गं. मुलगा म्हणत होता, आई, प्रयत्नच झाला नसता तर जन्मभर टोचत राहिलं असतं. बस, मी जरा नजर टाकते, काही अडलं तर तुला विचारता येईल.’

‘मी ठेवून जाते वहिनी. सावकाश वाचा.’

‘अगं, बस. चार पानं तर आहेत.’

वहिनी वाचायला लागल्या. चाळीस वर्षं छापखान्यात काढलेल्या माणसाचं वाचणं ते. पेन्सिलीचं मागचं टोक ओळीखालून सरकत होतं, ना घाई ना थांबणं. तत्त्वज्ञानवाल्यांची शंका आली तेव्हा त्या किंचित हसल्या. ‘ह्यांना नेहमीच ताप यांचा,’ म्हणाल्या. पान उलटलं. मग पेन्सिल मागे आली.

‘इथे काहीतरी गळलंय,’ वहिनी म्हणाल्या.

‘कुठे?’

‘१०.३८ नंतर एकदम १०.४७. बाकी बघ, दर तीन-चार, फार तर पाच मिनिटांनी नोंद आहे. टाचणीबाई आणि नऊ मिनिटं गप्प? आणि १०.४७ ला कुणीतरी म्हणतंय, मघाच्या हशानंतर मुद्दा हरवला. हशा कुठला? वर कुठे हशा नाहीच.’

खरं तर काहीही सांगता आलं असतं. टाइप करताना राहिलं असेल, विचारते बाईंना. वहिनींनी मान डोलावली असती. तोंडापर्यंत आलंही होतं. पण शेजारी बसलेली ही बाई गळलेला मजकूर शोधत होती, आणि शोधत होती ती तो जागेवर घालायला. बस, तेवढंच. त्या साधेपणापुढे तिला दुसरं खोटं रचता आलं नाही.

‘मी काढायला लावली ती ओळ,’ ती म्हणाली.

वहिनी चष्म्यावरून बघत राहिल्या.

‘१०.४२ ला त्यांनी हात वर केला. मी नंतर म्हटलं. सगळे हसले. हात लवकर खाली जाईना म्हणून मी गप्प राहायची खूण केली.’ आणि मग, आतून ढकलून दिल्यासारखं, ‘नेहमीसारखाच वाटला हो मला. ते नेहमीच हात वर करायचे.’

वहिनींनी पेन्सिल खाली ठेवली. मग त्यांनी विचारलं, ‘कुठला हात?’

‘म्हणजे?’

‘डावा की उजवा?’

एवढे आठवडे तिने तो हात रोज पाहिला होता आणि हा प्रश्न तिला एकदाही पडला नव्हता. आता तिने डोळे मिटले. खोली दिसली, टेबल दिसलं, समोर दफ्तरदार. खिडकी त्यांच्या डाव्या अंगाला. हात खिडकीच्या बाजूचा होता. उजेड त्या हातावरून टेबलावर आला होता. दुसरा हात दिसतच नव्हता, तो टेबलाखाली होता.

‘डावा,’ ती म्हणाली.

‘त्यांचा डावा खांदा आखडलेला होता,’ वहिनी म्हणाल्या. ‘दफ्तरखान्यातल्या शिडीवरून पडले तेव्हापासून. अकरा वर्षं झाली. सदऱ्याची ती बाही रोज मी चढवायची. कानापर्यंतसुद्धा जायचा नाही तो हात.’

वहिनी तिच्याकडे वळल्या.

‘किती वर केला होता?’

‘पूर्ण,’ ती म्हणाली. ‘डोक्याच्या वर.’

रस्त्यावरून कुणीतरी गाडी मागे घेत होतं, आणि तिचा पिपाणीसारखा आवाज थांबेपर्यंत दोघी तशाच बसून राहिल्या. तिने धरून ठेवलेलं सगळं, ते शंभरातले पाच-सहा जण, तो नेहमीचा हात, तो रुसवा, एकेक करून हातातून गेलं. १०.४२ ला त्या माणसाला माहीत होतं आपल्याला काय होतंय. उजवा हात उचलेना म्हणून त्याने दुखरा हात उचलला होता. साडेतीनला दिलेलं औषध उशिराचं होतं, आणि तो उशीर तिला ठाऊक होता.

‘साखर कमी आहे म्हणाले होते,’ वहिनी म्हणाल्या. हा प्रश्न होता. त्यांनी तो प्रश्नासारखा विचारला नाही.

तिने मान हलवली. ‘नाही. तसं म्हणाले नाहीत. काहीच बोलले नाहीत. मी कप ठेवला. त्यांनी वर बघितलं नाही. डॉक्टरला मी बनवून सांगितलं.’

वहिनींच्या चेहऱ्यावर राग आला असता तर तिला बरं वाटलं असतं. तसं काही आलं नाही. चष्मा काढून त्यांनी पदराने पुसला, पुन्हा लावला. कित्येक दिवस येईल त्याला त्यांनी ते वाक्य सांगितलं होतं, शेजारणीला, नातवाला, दूरच्या नणंदेला फोनवर. आता ते सगळ्यांकडून परत कसं मागायचं, असं काहीसं त्यांच्या मनात चाललं असावं. मग त्यांनी एक पेन्सिल तिच्यापुढे सरकवली आणि टिपणाचं पान दोघींच्या मध्ये नीट ठेवलं.

‘लिहा,’ त्या म्हणाल्या. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्या तिला अहो-जाहो करत होत्या.

‘काय लिहू?’

‘गळलेलं. जागेवर. आणि चहाच्या नोंदीपुढे, ते काहीच बोलले नाहीत, असं लिहा. पुस्तकात टिपण जाणार आहे. चुकीचं जायला नको.’

तिने लिहिलं. अक्षर तिचं एरवी चांगलं होतं. ‘१०.४२. लेखक हात वर करतात. समन्वयक: नंतर. हशा. समन्वयक गप्प राहण्याची खूण करतात.’ मग आणखी खाली, चहाच्या ११.३० च्या पुढे, ‘लेखक काहीच बोलले नाहीत.’ तिने पान वहिनींकडे सरकवलं.

वहिनींनी पेन्सिलीचं मागचं टोक पहिल्या शब्दापासून सरकवत नेलं. एका शब्दापाशी ते थांबलं. त्यांनी पान परत तिच्याकडे फिरवलं.

‘डावा राहिलं,’ त्या म्हणाल्या.